खोली दाखवा

नानजिंग, १८७३. चिनी पंचांगातला आठवा महिना, अजून उजाडलेलं नाही. राजदरबारी अधिकारी होण्याच्या परीक्षेसाठी जिआंगनान परीक्षागाराच्या दाराशी हजारोंच्या रांगेत तुम्ही उभे आहात. हातात वेताची करंडी. तिच्यात कुंचले, शाईची कांडी, ती उगाळायचा दगड, मेणबत्त्या, तांदळाच्या वड्या, अंथरूण आणि मेणकापडाचा एक पडदा. दाराशी दोन शिपाई दोन्ही बाजूंनी तुमच्या अंगावरून हात फिरवतात. अंगरखा एकपदरी हवा. अस्तर चालत नाही, कारण अस्तरात कागद मावतो. कुंचल्याची दांडी पोकळ तर नाही ना, दगड ठरल्यापेक्षा जाड तर नाही ना, सगळं पाहतात. तांदळाच्या वड्या सुरीने कापून पाहतात. चिठ्ठी पकडणाऱ्याला चांदीचं बक्षीस आहे, म्हणून ते हात कुठलीच घाई करत नाहीत.

आत गल्ल्यांमागून गल्ल्या आणि प्रत्येक गल्लीत एकाला एक चिकटून कोठड्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे अशा २० हजारांहून अधिक कोठड्या आहेत. तुमची जेमतेम मीटरभर रुंद आहे. तिला दार नाही, समोरची बाजू सताड उघडी. भिंतींच्या खाचांत दोन फळ्या बसतात, दिवसा एक बाक होते आणि दुसरी टेबल. रात्री दोन्ही एका पातळीवर आणल्या की झोपायची जागा, तीही गुडघे पोटाशी घेऊन. परीक्षेच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन रात्री इथेच काढायच्या. मधोमध एक मनोरा आहे. त्यावरून पहारेकरी सगळ्या गल्ल्यांवर नजर ठेवतात. तो मनोरा नानजिंगमध्ये आजही उभा आहे.

मागितलंय काय? कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ शब्दन् शब्द पाठ असणं आणि त्यांवर ठरलेल्या साच्यात निबंध लिहिणं. ग्रंथ सगळ्यांना तेच, साचा तोच. म्हणून तर काहींच्या अंतर्वस्त्रांवर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ उतरवलेले असतात. असे कपडे संग्रहालयांत ठेवलेले आहेत. ज्या परीक्षेचं उत्तर सदऱ्याच्या आतल्या बाजूला मावतं, तिला सदऱ्याच्या आतपर्यंत तपासावंच लागतं. ही गाठ मी तुम्हाला इथेच बांधून देतो, कारण पुढच्या सगळ्या थांब्यांवर ती सोबत लागणार आहे.

निघण्याआधी मागच्या दालनात डोकावून या. तुमची काळ्या शाईतली उत्तरपत्रिका परीक्षकाकडे जातच नाही. नाव झाकलं जातं, मग लेखनिक ती सबंध लाल शाईत पुन्हा उतरवून काढतात आणि परीक्षक ती लाल प्रत तपासतो. हस्ताक्षर ओळखून त्याने कोणावर मेहेरबानी करू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. १९०५ साली ही परीक्षापद्धत कायमची बंद झाली. तिच्यात निर्दयपणा पुष्कळ होता. पण ती तुमच्यावर संशय घ्यायची, तसाच तपासणाऱ्यावरही घ्यायची. आजच्या पद्धतींना मला जे विचारायचं आहे, त्यातलं बरंचसं या लाल शाईत आहे.

चौदा वर्षं मागे, मुंबईत या. १८५९. विद्यापीठ स्थापन होऊन दोनच वर्षं झालीत आणि ही पहिली मॅट्रिक. परीक्षेला बसलेल्यांत महादेव गोविंद रानडे आहेत, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आहेत. इलाख्यात इथवर शिकलेली मुलं इतकी थोडी, की त्यांची नावं आणि चेहरे शिकवणाऱ्यांच्या ओळखीचे. हा उमेदवार खरंच तोच का, असा प्रश्न इथे फारसा कोणाला पडत नाही. फार वेळ थांबू नका, एवढंच पाहून घ्या की परीक्षा घेणाऱ्याला तुम्ही ठाऊक आहात. यापुढे ते अंतर वाढतच जाणार आहे.

अंधेरी, २००८. एका व्यापारी इमारतीतलं परीक्षा केंद्र, परीक्षा संगणक सुरक्षेच्या प्रमाणपत्राची. एसीचा गारवा, लॉकरची छोटी किल्ली, स्वागताच्या टेबलावर सह्यांचं रजिस्टर. घड्याळ काढा. पाकीट, फोन, रुमाल लॉकरमध्ये. खिसे उलटे करून दाखवा, बाह्या वर सरकवा, चष्मा काढून त्याच्या काड्या दाखवा. नानजिंगच्या शिपायांचीच रीत, फक्त इथे ‘प्लीज’ म्हणतात. लिहायला एक लॅमिनेट केलेला कागद आणि मार्कर मिळतो, तो जाताना परत द्यायचा. काचेपलीकडे बसलेला माणूस तुमच्याकडे आणि सीसीटीव्हीच्या पडद्याकडे आळीपाळीने पाहतो.

या प्रमाणपत्रांची गरज अचानक पैदा झाली नाही. १९८९ साली अमेरिकेत आयएससी-स्क्वेअर ही संस्था निघाली, १९९४मध्ये तिने सीआयएसएसपी हे प्रमाणपत्र सुरू केलं. २००२मध्ये कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस आलं. २००५च्या शेवटी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या संगणक सुरक्षेची कामं करणाऱ्यांसाठी ठराविक प्रमाणपत्रं सक्तीची केली, आणि ती यादी हळूहळू जगभरच्या कंत्राटांत आणि नोकरीच्या जाहिरातींत झिरपली. ऐरोलीत किंवा हिंजवडीत बसून परदेशी बँकेच्या नेटवर्कवर पहारा देणाऱ्या पोराच्या बायोडेटात ती अक्षरं नसतील, तर बायोडेटा पहिल्या चाळणीतच गळतो. जिथे इतकं टांगलेलं असतं तिथे चोरवाटाही निघतात. पाठ केलेले प्रश्न बाहेर येऊन विकले जातात, त्यांना सगळे ‘डम्प’ म्हणतात. पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावाने बसणारा ‘डमी’ तर महाराष्ट्राला सरकारी भरतीपासून ठाऊक आहे. संशयाला कारण आहे, हे मला मान्य आहे. तो कोणावर आणि किती घ्यायचा, यावर माझं भांडण आहे.

आता पुणे, ऑगस्ट २०१८, आणि इथे जरा बसा. कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तुमच्यासमोर दोन स्क्रीन, काली लिनक्सचं टर्मिनल, बिस्किटांचे पुडे आणि थर्मासभर चहा. ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी या कंपनीची ओएससीपी ही परीक्षा. २३ तास ४५ मिनिटं. पाच अनोळखी मशिनं, त्यांत घुसून दाखवायचं. १००पैकी ७० गुण हवेत. त्यानंतरच्या २४ तासांत कसं घुसलात, याचा अहवाल पायरीपायरीने लिहून द्यायचा. आजवर ही परीक्षा कोणाच्याही नजरेशिवाय व्हायची. याच महिन्यापासून कॅमेऱ्याची देखरेख सुरू झाली आहे.

सुरुवातीला पासपोर्ट दाखवता. कॅमेरा उचलून खोलीभर फिरवता. स्क्रीन शेअर होते. पलीकडचा माणूस फक्त चॅटमध्ये भेटतो, त्याचा चेहरा नाही, आवाजही नाही. तुमचाही आवाज त्याला ऐकू जात नाही, या परीक्षेत माइक लागतच नाही. म्हणून तुम्ही मोकळेपणी स्वतःशी बडबडता. ‘अरे, पोर्ट उघडा आहे तर मग बॅनर का देत नाही?’ पहिल्या तीन तासांत २५ गुणांचं बफर ओव्हरफ्लोचं मशीन पडतं. मग सुरू होतं खरं रडगाणं. २० गुणांच्या मशीनवर साधा शेल मिळालाय, पण रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळत नाही. एक वाट दिसते, दीड तास तिच्यात जातो, वाट आंधळी निघते. पुन्हा एन्युमरेशन, म्हणजे मशीनची सगळी चाचपणी. मेटास्प्लॉइट हे तयार हत्यार एकाच मशीनवर वापरता येतं, ते शेवटासाठी राखून ठेवलंय.

पहाटे साडेतीनला डोकं चालेनासं होतं. चॅटमध्ये लिहिता, ‘ब्रेक घेतोय.’ पलीकडून होकार. स्कूटर काढून स्वारगेटला जाता, उभ्याने चहा पिता, कंडक्टर-ड्रायव्हरांच्या घोळक्यात. आणि तिथेच लख्ख आठवतं, दुपारी बॅकअपच्या फोल्डरमध्ये एक फाइल दिसली होती, तिच्या परवानग्या वेगळ्याच होत्या. घरी येता, ‘परतलो’ लिहिता, कॅमेऱ्यासमोर बसता. वीस मिनिटांत रूट. प्रूफची फाइल उघडते आणि तुम्ही खुर्चीतून उठून हात वर करता. पलीकडचा कोणीतरी ते पाहतो.

या परीक्षेने काय काय चालवून घेतलं, ते मोजा. पुस्तकं उघडी, स्वतःच्या वह्या उघड्या, इंटरनेटवर शोधायला मुभा. खायचं, झोपायचं, बाहेर जाऊन यायचं. मनाई मोजकीच, दुसऱ्याची मदत घ्यायची नाही आणि काम आपोआप करून देणारी काही साधनं वापरायची नाहीत. कॅमेऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट सांभाळायची होती, हात तुमचेच आहेत ना. चिठ्ठीची भीती या परीक्षेला नव्हतीच, कारण चिठ्ठीत मावेल असं उत्तरच तिने मागितलं नव्हतं. आणि कामावर असतानाही माणूस असाच वागतो. वही उघडतो, शोधतो, अडला की चहाला जातो.

पुढचा थांबा डोंबिवली पूर्व, जून २०२०. नीट पाहा, हा मुक्काम लांबणार आहे.

तुम्ही २९ वर्षांच्या आहात. ऐरोलीतल्या एका सॉकमध्ये, म्हणजे सुरक्षा पहाऱ्याच्या नियंत्रण कक्षात, लेव्हल वन अ‍ॅनालिस्ट. मार्चपासून शिफ्ट घरूनच. मार्चमध्येच जगभरची परीक्षा केंद्रं बंद पडली, आणि एप्रिलमध्ये कॉम्पटियाने सिक्युरिटी प्लस घरून द्यायची सोय केली. लेव्हल टूची जागा निघालीय, ऑगस्टच्या आत प्रमाणपत्र हवं. घर वन बीएचके. माणसं पाच: तुम्ही, नवरा, सासूबाई, दीर आणि साडेतीन वर्षांची मुलगी. सामान्य प्रवाशांसाठी लोकल अजून बंद आहे, त्यामुळे रुळांच्या बाजूने येणारा रोजचा धडधडाट नाही. त्याच्या जागी आता खालच्या मजल्यावरचा मिक्सर, समोरच्यांचा टीव्ही आणि पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू येतो.

तयारी परीक्षेच्या आठवडाभर आधी सुरू होते, आणि तिचा अभ्यासाशी संबंध नसतो. पहिली अडचण नावाची. पासपोर्ट लग्नाआधीचा: माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव. नोंदणी केली ती ऑफिसच्या मेलवरून, तिथे सासरचं आडनाव. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव जुळलंच पाहिजे. आपल्याकडे किती जणी या एका रकान्यापाशी अडकल्या असतील! सपोर्टला मेल, पासपोर्टची प्रत, तीन दिवस वाट, मग दुरुस्ती. दुसरी अडचण लॅपटॉपची. ऑफिसचा चालत नाही, त्यावर काही बसवायची परवानगी तुम्हाला नाही आणि त्याचं व्हीपीएन परीक्षेच्या प्रोग्रॅमला बाहेरच बोलू देत नाही. म्हणून दिराचा कॉलेजचा लॅपटॉप. तिसरी विजेची. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हापासून सोसायटीतल्या सगळ्यांच्याच मनात धाकधूक आहे. वीज गेली की वायफाय गेलं. फोनचा हॉटस्पॉट वापरावा, तर परीक्षेच्या वेळी फोन हाताला लागेल इतका जवळ ठेवायचा नाही. तोड तुम्हीच काढता. दिराच्या फोनचा हॉटस्पॉट हॉलमध्ये सुरू ठेवायचा, लॅपटॉपला दोन्ही नेटवर्क आधीच ओळखीची करून द्यायची.

मग खोली. बेडरूममधली पुस्तकांची फळी चादरीने झाकता. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवता, त्यावर दूधवाल्याचा हिशेब आणि गॅसची तारीख लिहिलेली आहे. मुलीने खडूने रंगवलेला कपाटाचा दरवाजा ओल्या फडक्याने पुसता. टीव्हीची वायर काढून ठेवता. टेबलावर पाण्याची बाटली तेवढी उरते.

‘अगं, कुकर लावत नाही मी,’ सासूबाई म्हणतात. ‘भात टोपातच शिजवते. शिट्टीने तुझं काही बिघडायला नको.’

‘आई, दोन-अडीच तासच. दार वाजवू देऊ नका फक्त.’

‘दूधवाल्यालाही उद्या ये म्हणून सांगितलंय.’

अर्धा तास आधी लॉग इन. फोनवर लिंक येते. आधी चेहऱ्याचा फोटो, मग पासपोर्टचा, मग खोलीच्या चार बाजूंचे चार. पहिला: टेबल. दुसरा: पलंग, त्यावर घड्या घातलेले कपडे. तिसरा: दार, दारामागे अडकवलेला सासूबाईंचा गाऊन. चौथा: खिडकी आणि देवाची तसबीर. चौथा फोटो पाठवताना बोट क्षणभर थांबतं. या खोलीत आजवर नात्याबाहेरचं कोणी आलेलं नाही. तिचे हे फोटो कोणत्या देशातल्या कोणत्या सर्व्हरवर जातील, तिथे किती दिवस राहतील, हे नेमक्या शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही. अटींच्या लांबलचक पानाखाली ‘मान्य आहे’ एवढं एकच बटण आहे.

आणि प्रोग्रॅम जे मागतो, ते तुम्हाला वाचता येतं, हीच तर तुमची पंचाईत. कॅमेरा, माइक, पडदा, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांची यादी, त्यांतले काही बंद करायचा अधिकार. गेले तीन महिने तुम्ही जो अभ्यास केलात, त्यात हेच सगळं करणाऱ्या प्रोग्रॅमला रिमोट अ‍ॅक्सेस ट्रोजन म्हणतात. दोन्हींत फरक आहे आणि तो मोठा आहे: हा प्रोग्रॅम कोणी बनवला ते उघड आहे, त्यावर सही आहे, तुमची संमती आहे. पण संमती म्हणजे ‘नाही’ म्हणायची सोय असणं, असंही त्याच अभ्यासक्रमात शिकवतात. जून २०२०मध्ये केंद्रं बंद असताना ‘नाही’चा अर्थ एकच, लेव्हल टूची जागा दुसऱ्या कोणाला. कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व याच परीक्षेत विचारतात. ते ज्यांना पाठ करायला लावलं, त्यांच्यासमोर तरी ते पाळून दाखवायला नको का?

चॅटमध्ये पलीकडचा माणूस येतो. नमस्कार, मनगटं दाखवा, कानांमागे काही नाही ना ते दाखवा, टेबलाखालून कॅमेरा फिरवा. बोलणं विनयाचं आहे. तोही कुठल्या तरी शहरात, बहुधा स्वतःच्याच घरात, एकाच वेळी बऱ्याच खोल्या पाहत बसलाय. त्याच्यावर राग धरू नका. तुम्हीही रात्रपाळीत असंच तर करता, शेकडो इशाऱ्यांमधून खरा एक शोधता. खोटे इशारे किती येतात, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. १०० ते ९००च्या मोजपट्टीवर ७५० हवेत. कागद-पेन नाही, पडद्यावरची पाटी आहे आणि तिच्यावर माऊसने आकडे काढायला जीव जातो. सुरुवातीलाच करून दाखवायचे प्रश्न: फायरवॉलचे नियम योग्य क्रमाने लावा. हे तुम्हाला येतं, हे तर रोजचं काम. मग पर्यायांचे. एलडॅप सुरक्षित करायचं तर कुठला पोर्ट? ६३६. प्रश्न वाचताना ओठ हलतात, लहानपणापासूनची सवय आहे. चॅटची खिडकी उघडते: कृपया मोठ्याने वाचू नका. तुम्ही ओठ मिटता. पुढचे दहा प्रश्न अर्धं लक्ष ओठांवर असतं. गालावर हात टेकवायचा नाही. छताकडे बघत विचार करायचा नाही, नजर पडद्यावरून ढळली की पुन्हा सूचना. विचार करताना माणूस छताकडे बघतो, हे जगातल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं आहे.

एकावन्नाव्या प्रश्नावर दाराबाहेरून हाक येते. ‘आई!’

उत्तर देता येत नाही. बोललात तर परीक्षा थांबू शकते, उठलात तर संपू शकते. ‘आई, आई, बघ ना!’ दाराच्या खालच्या फटीतून छोटी बोटं आत येतात. पडद्यावर प्रश्न आहे सार्वजनिक किल्ली आणि खाजगी किल्ली यांबद्दल, तुम्ही तो चार वेळा वाचता. मग नवऱ्याच्या चपलांचा आवाज, ‘चल, आपण खाली गाड्या बघू’, आणि बोटं मागे जातात. रडण्याचा आवाज जिन्यातून खाली उतरत जातो. मायक्रोफोनने हे सगळं टिपलंय. ते कोणी ‘संशयास्पद’ म्हणून नोंदवलं तर? तुमच्या हातात काहीच नाही. तुम्ही पुढचा प्रश्न उघडता.

पडद्यावर ७७१ येतात. तुम्ही पास आहात.

या खोलीत तुम्ही कशाकशाची परीक्षा दिलीत, हे मला इथे थांबून सांगावंसं वाटतं. दोन-अडीच तास बंद राहणारं दार, भात टोपात शिजवणाऱ्या सासूबाई, हॉटस्पॉट देणारा दीर, पोर सांभाळणारा नवरा. हे नसतं तर तेवढाच अभ्यास असूनही तुम्ही गळल्या असता. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहतात, तिथल्या पोरीला ही परीक्षा देताच येत नाही, मग तिला सगळे पोर्ट तोंडपाठ असोत. आणि ओएससीपी देणाऱ्या पोराने पहाटे स्वारगेटला चहा प्यायला, तो आठवा. दोघांवरही कॅमेरा होता. फरक परीक्षेने काय विचारलं यात होता.

पुढचे थांबे उभ्याउभ्या. ॲमस्टरडॅममध्ये एका काळ्या वर्णाच्या विद्यार्थिनीला देखरेखीचं सॉफ्टवेअर चेहरा म्हणून ओळखेना. चेहऱ्यावर दिव्याचा झोत घेऊन तिने परीक्षा दिल्या. तिने तक्रार नेली. तिथल्या मानवी हक्क संस्थेने २०२२च्या डिसेंबरात भेदभावाचा संशय सकृद्दर्शनी मान्य केला, २०२३मध्ये मात्र तिच्या बाबतीत तो सिद्ध झाला नाही असा निर्णय दिला. ओहायोतल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने खोली दाखवण्याच्या सक्तीविरुद्ध दावा लावला, आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने ती झडती घटनाबाह्य ठरवली. ते विद्यापीठ सरकारी होतं म्हणून. खाजगी प्रमाणपत्र देणाऱ्यांना तो निकाल लागू होत नाही. २०२१च्या मे महिन्यात प्रॉक्टरयू या ऑनलाइन देखरेखीच्या कंपनीने माणसाच्या नजरेविना निव्वळ यंत्रावर चालणारी देखरेख विकणं थांबवलं, ते मला शहाणपणाचं वाटतं. आणि त्याच कंपनीच्या चार लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नोंदी आदल्या वर्षी, २०२०मध्ये, इंटरनेटवर उघड्या पडल्या होत्या. लोकांच्या खोल्या पाहणाऱ्याचं स्वतःचं दार असं उघडं सापडलं.

आणि पुणे, डिसेंबर २०२१. सायबर पोलीस टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा बाहेर काढतात. हजारो उमेदवारांचे गुण वाढवून दिलेले. पैसे मोजणारे उमेदवार होतेच, पण गुण बदलले गेले ते निकालाच्या बाजूला. त्यासाठी अटक झालेल्यांत परीक्षा परिषदेचे वरिष्ठ अधिकारी आणि परीक्षेचं काम घेतलेल्या कंपनीची माणसं होती. वर्गात कितीही कॅमेरे लावले असते, तरी त्यांना हे दिसलं नसतं. नानजिंगच्या लेखनिकांची लाल शाई याच बाजूची चोरी रोखण्यासाठी होती.

शेवटचा थांबा आज, ऐरोली. तुम्ही आता त्याच सॉकच्या टीम लीड आहात. सहा नवे ज्युनिअर घ्यायचेत. एचआरकडून मेल आलाय: ऑनलाइन चाळणी परीक्षा, ६० प्रश्न, देखरेखीची कंपनी ठरली आहे, तुमची मंजुरी हवी. सोबत परवानग्यांची यादी. कॅमेरा, माइक, पडदा, खोलीचं चित्रण, टायपिंगची लय. माहिती ‘आवश्यक तितका काळ’ ठेवली जाईल.

तुम्ही मंजुरीचं बटण दाबत नाही, उत्तर लिहायला घेता. चित्रण नेमके किती दिवस ठेवणार, आकडा द्या. ते कोण पाहणार, त्याने काय पाहिलं याची नोंद कुठे राहणार? हेतू संपला की माहिती पुसायची, हे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे, तर पुसल्याचा पुरावा उमेदवाराला कसा मिळणार? यंत्राने एखाद्याला संशयित ठरवलं, तर त्याचं म्हणणं ऐकणारा माणूस कोण? गुणांची यादी तुमच्या सर्व्हरवरून आमच्याकडे येईपर्यंत कोणाकोणाला बदलता येते?

मग प्रश्नपत्रिका उघडता आणि पोर्ट क्रमांकांचे प्रश्न एकेक करून काढून टाकता. त्यांच्या जागी सरावाच्या मशीनवरची अर्ध्या दिवसाची लॉग फाइल आणि एका फसव्या मेलचं हेडर. सर्वांत आधी काय घडलं? कुठलं मशीन वेगळं काढाल? रात्री तीन वाजता कोणाला उठवाल आणि फोनवर पहिलं वाक्य काय बोलाल? वेळ तीन तास. पुस्तकं, वह्या, इंटरनेट उघडं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाशी २० मिनिटं बोलणं, त्याच्याच उत्तरावर: हा निष्कर्ष कशावरून काढलास? डमीने दिलेल्या पेपरवर २० मिनिटं बोलता येत नाही. उत्तरांवर नावाच्या जागी क्रमांक, आणि तपासणारे दोघे, एकमेकांचे गुण न बघता.

एचआरमधली मुलगी फोन करते. ‘मॅडम, याला तपासायला खूप वेळ जाईल.’

‘जाईल,’ तुम्ही म्हणता. ‘दोन शनिवार मी देते.’

सूचनापत्रात दोन फोन नंबर घालता, एक वीज गेली तर, एक नेट गेलं तर. खाली लिहिता की मध्ये थांबावं लागलं तर तेवढा वेळ वाढवून मिळेल. शेवटी ऐरोलीच्या ऑफिसातल्या तीन मीटिंग रूम त्या दिवसासाठी राखून ठेवता आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढवता: घरी बसायला खोली नसेल तर इथे खूण करा, येण्याजाण्याचं भाडं ऑफिस देईल.